नसलेल्या पाईपची बाजू

मध्य प्रदेशातल्या, पण मराठी बोलणाऱ्या सौंसरच्या आठवडी बाजारामागे एक खड्डा होता आणि तो सरकारी होता. एवढ्या दोन गोष्टी कुणीच नाकारत नव्हतं. बाकी सगळ्या गोष्टींवर पुढे पत्रव्यवहार झाला.

खड्डा जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीसाठी होता आणि ‘भूमिगत जलसंचय उपखंड’ या कार्यालयाच्या ताब्यात होता. कार्यालय संत्र्यांच्या एका गोदामात भाड्यानं राहत असे. बहर आला की मालक अर्धं गोदाम परत घ्यायचा, आणि मग फायली नि संत्री एकाच वाळल्या गवतावर शेजारी शेजारी पसरलेली असत. त्यातलं आधी काय सडतं हे पाहण्यासाठी स्वतंत्र पद मंजूर नव्हतं.

या कार्यालयात सुखदेव गजभिये हा तरुण उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता होता. शाळा सगळी मराठीतून, डिप्लोमा नागपूरचा आणि नोकरी अस्थायी. टाकी पुरी झाली की त्याला कायम करू, असं वरून आलेल्या आदेशात म्हटलं होतं. तो कायम झाला की जयश्री देऊ, असं तिच्या आईनं, पंचफुलाबाई बागडे यांनी म्हटलं होतं. अशा रीतीनं टाकीवर नोकरी आणि नोकरीवर लग्न, असं सगळं बांधकाम त्या एका खड्ड्यातून वर यायचं होतं.

पंचफुलाबाईंचं घरही खड्ड्याच्या काठावरच होतं. त्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जात आणि जातायेता खड्ड्यात डोकावून जावयाची प्रगती बघत.

“किती खोल गेले, जवाईबापू?”

“छातीपर्यंत आलो, मावशी.”

“या लवकर वर. पोरगी वाट पाहून राहिली.”

सौंसरची काळी माती उन्हात तडकते, ओली झाली की फुगते आणि खणली की चालायला लागते. म्हणून खड्ड्याच्या चारी बाजूंनी नागमोडी लोखंडी पत्रे एकात एक अडकवून जमिनीत ठोकायचे, समोरासमोरच्या पत्र्यांमध्ये आडव्या तुळयांचे अडसर द्यायचे आणि मग आतली माती काढायची, अशी रीत ठरली होती. कागदोपत्री तिला ‘शीट पाईल’ म्हणत. मुकादम कवडू तिला ‘शिटीपाल’ म्हणायचा. तिपाईवरून जडशीळ वजन दोरानं वर ओढायचं आणि पत्र्याच्या डोक्यावर सोडायचं, हे काम आठवडाभर सुरळीत चाललं होतं. मग पंचफुलाबाईंच्या स्वयंपाकघराच्या बाजूला एक पत्रा जमिनीत जाईना. वजन आपटलं की तो ठण्ण करून जागच्या जागी उडायचा. समोरच्या बाजूचा पत्राही तसाच अडला. आतली माती काढून बघितली तेव्हा खड्ड्याच्या ऐन मधून एक लोखंडी पाईप आरपार गेलेला दिसला.

“साहेब, पाईप हाये जी,” कवडू खालून ओरडला.

“कोणाचा?”

“नाव नाई लिवलं त्याच्यावर. नुसता गंज लिवला हाये.”

पाईप जिथून आत शिरत होता आणि जिथून बाहेर पडत होता, तिथं पत्रा ठोकता येत नव्हता. त्यामुळे लोखंडी भिंतीला दोन बाजूंना दोन खिंडी राहिल्या आणि स्वयंपाकघराकडच्या खिंडीतून काळी माती हळूहळू, कुणाची परवानगी न घेता, खड्ड्यात उतरायला लागली.

यावरचा उपाय सुखदेवला माहीत होता, कवडूला माहीत होता, आणि काठावर संत्री सोलत उभ्या असलेल्या गर्दीलाही माहीत होता. खड्ड्यावर आडवी तुळई टाकायची, तिला साखळीनं पाईप टांगायचा, आणि खिंडीत जाड फळ्या एकीवर एक बसवून पाचरी ठोकायच्या. दुपारभराचं काम होतं. पण पाईपला साखळी लावायची तर पाईपच्या मालकाची परवानगी हवी. आणि सरकारनं कामाची वाटणी शास्त्रशुद्ध केलेली होती: खड्डे सौंसरकडं, नळ पांढुर्ण्याकडं. खड्ड्यात नळ निघू शकतो, ही शक्यता वाटणीच्या बैठकीत दुपारच्या जेवणानंतर चर्चेला आली असावी.

सुखदेव बस पकडून पांढुर्ण्याला गेला. तिथल्या ‘नलिका अभिलेख कार्यालया’त शालिकराम पराते हे प्रभारी होते. निवृत्ती जवळ आलेली, तळहातावर तंबाखू, आणि आयुष्यभराचं एकच तत्त्व: जे नोंदीत नाही ते जगात नाही. त्यांनी नकाशा पसरला, त्यावर बोट फिरवलं आणि समाधानानं चुना मळला.

“इथं पाईप नाई.”

“साहेब, मी पाहून आलो नं.”

“तुमी पाह्यलं असन. नकाशानं नाई पाह्यलं.”

“बरं, नसला त नसला. तुमी अनापत्ती द्या म्हणजे झालं. मी टांगतो त्याले.”

शालिकरामांनी तंबाखू थांबवली. “अनापत्ती? म्हणजे आपत्ती येणार नाई असं मी लिहून देऊ? हे बाप्पा! उद्या भूकंप आला त मले पकडसान तुमी.”

हा शब्द हिंदी सरकारचा होता आणि त्याचा अर्थ ‘हरकत नाही’ एवढाच होता. पण शालिकराम मराठी माणूस असल्यामुळे त्यांना तो व्यवस्थित समजला होता.

पुष्कळ विनवण्या झाल्यावर शालिकराम प्रत्यक्ष पाहणीला सौंसरला आले. शिडीनं खड्ड्यात उतरले, नकाशा दोन्ही हातांत धरून डोळे त्यातच ठेवून चार पावलं चालले, आणि पाईपवर कपाळ आपटून खाली बसले. कवडूनं त्यांना उठवलं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं.

“आता त लागला नं, साहेब?” सुखदेवनं विचारलं.

“लागला. पण नोंदीत नाई लागला.”

काठावरून पंचफुलाबाई म्हणाल्या, “मंग टेंगूळ कायचं हाये, भाऊ? ते तरी नोंदीत घ्या.”

शालिकरामांनी तसं केलं. पाहणी-अहवालात त्यांनी ‘खड्ड्यात पाईप आढळला नाही, प्रभारींना किरकोळ दुखापत’ असं नमूद केलं आणि सायंकाळच्या बसनं पांढुर्ण्याला परतले.

दरम्यान पंचफुलाबाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. आधी त्यातून मुंगी ये-जा करू लागली, मग पाल. मावशी आता सुखदेवला ‘जवाईबापू’ म्हणत नव्हत्या, ‘साहेब’ म्हणत होत्या. हा बदल सुखदेवला भिंतीच्या तड्यापेक्षा जास्त खोल वाटला.

मग त्यानं दवंडी दिली. ज्याचा कुणाचा पाईप असेल त्यानं पुढं यावं, नाही तर पाईप बेवारस समजून कापण्यात येईल. दवंडीवाल्यानं गावभर डफडं वाजवलं. कुणी आलं नाही. सुखदेवनं कवडूला लोखंड कापायची करवत आणायला सांगितलं.

करवत आणल्याची बातमी दवंडीपेक्षा जोरात फिरली. सकाळी खड्ड्याभोवती सगळं सौंसर गोळा झालं. चहाचे हॉटेलवाले होते, शाळेचे हेडमास्तर होते, अर्धे दुकानदार होते, आणि बादली घेऊन आलेल्या बाया होत्या.

“कापू नका, गजभिये साहेब,” हेडमास्तर म्हणाले.

“तुमचा हाये का पाईप, गुरुजी?”

“छे छे! आमचा कायले राहील?”

“मंग कापू द्या.”

“कापू नका, असं आपलं एक मत हाये.”

सुखदेवनं प्रत्येकाला विचारलं. पाईप कुणाचाच नव्हता आणि कापू नये असं प्रत्येकाचं मत होतं. हॉटेलवाला तर म्हणाला, “तो पाईप मी जिंदगीत पाह्यला नाई, साहेब, पण त्याले धक्का लावाल त माया हॉटेलाचा सत्यानाश होईल.” शेवटी पंचफुलाबाई कमरेवर हात ठेवून पुढं झाल्या.

“साहेब, तुमी खोलीवर राहाता, थ्या खोलीतल्या नळाले पाणी येते का?”

“येते.”

“मंजुरी हाये का थ्या नळाची?”

सुखदेवनं आठवून पाहिलं. घरमालकानं ‘पानी फ्री’ असं मोठ्या दिलदारपणे सांगितलं होतं.

“मंग आज सकाळी तुमी आंघोळ कशानं केली, ते सांगा आधी,” मावशी म्हणाल्या. “अन् मंग चालवा करवत.”

सुखदेवनं करवत खाली ठेवली. त्या दिवशी त्याला कळलं की पाईपला मालक एकही नाही, पण पाणी सगळ्यांचं आहे. असा पाईप कापणं कायद्याला शक्य आणि माणसाला अशक्य असतं. त्यानं सगळी हकीकत भोपाळच्या वरच्या ऑफिसला कळवायचं ठरवलं. पत्र अर्थातच हिंदीत लिहायचं होतं. सुखदेवनं शब्दकोश काढला, मराठी वाक्याच्या शेवटी ‘है’ लावला आणि ते पाठवून दिलं. पांढुर्ण्याहून शालिकरामांनीही त्याच पद्धतीनं आपलं म्हणणं पाठवलं. चहाच्या टपरीवर एकमेकांशी वऱ्हाडीत बोलणारी ही दोन माणसं आता भोपाळमार्गे एकमेकांशी हिंदीत भांडू लागली, आणि दोघांनाही आपण काय म्हटलं ते समोरच्याचं उत्तर आल्यावरच कळत असे.

भोपाळचं पहिलं उत्तर आलं. कार्यालयाच्या आस्थापना शाखेचे बाबू सुरेश यांनी ते गोदामाच्या दारात उभं राहून मोठ्यानं वाचलं: ‘खुदाई स्थल पर उत्पन्न बाधा का तत्काल निवारण करें.’

भोपाळला बाधा म्हणजे अडथळा अभिप्रेत होता. सौंसरला बाधा म्हणजे बाधाच माहीत होती, ती जी तिन्हीसांजेला चिंचेखालून गेलं की लागते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: ‘सरकारनं कबूल केलं, गड्ड्याले बाहेरची बाधा हाये.’ दुसऱ्या दिवशी मोहगावचा एक जाणता टोपलीभर लिंबं, सुया आणि एक काळा कोंबडा घेऊन हजर झाला. सरकारी पत्र आहे म्हटल्यावर तो बोलावण्याची वाट कशाला बघेल?

पंचफुलाबाईंनी त्याला दारातच अडवलं. “कायची बाधा, रे? आमी हे सारं दीक्षा घेतली तवाच सोडलं. माया घरापुढं लिंबू कापशील त तुयाच डोळ्यात पिळतो.”

“बाई, सरकारचा हुकूम हाये.”

“सरकारले सांग, लिंबं भेटले.”

त्यांनी लिंबांचं लोणचं घातलं. झटापटीत कोंबडा जाणत्याच्या हातून सुटला, खड्ड्यात उतरला, पाईपवर जाऊन बसला आणि तिथंच राहिला. पहाटे तो तिथूनच आरवे. पाईपचा उपयोग करतो हे उघडपणे कबूल करणारा सौंसरमधला तो एकटाच. ‘बाधा पूर्ववत है, एक मुर्गा बढ़ गया है,’ असं सुखदेवनं प्रामाणिकपणे कळवलं.

भोपाळमध्ये हे पत्र काळजीपूर्वक वाचलं गेलं असावं, कारण उत्तरात कोंबड्याचा उल्लेख नव्हता आणि प्रश्न मुळाशी जाणारा होता: पाईपनं खड्ड्यात अतिक्रमण केलं आहे, की खड्ड्यानं पाईपमध्ये? उभय पक्षांनी बाजू मांडावी. खड्ड्याची बाजू सौंसर मांडेल. पाईप अभिलेखात नसल्यास, नसलेल्या पाईपची बाजू पांढुर्णा मांडेल.

सुखदेवनं खड्ड्याच्या वतीनं पुष्कळ कागद काळे केले. शालिकरामांनी एक कोरा कागद पाठवला, तळाशी सही आणि शिक्का.

“साहेब, काई लिवलं नाई तुमी?” सुखदेवनं नंतर विचारलं.

“जो नाई त्याची बाजू नसल्यासारखीच मांडा लागते,” शालिकराम म्हणाले. भोपाळनं त्यांच्या युक्तिवादाला ‘अकाट्य’, म्हणजे खोडून न काढता येणारा, असा शेरा दिला.

तडा आता एवढा वाढला होता की त्यातून चहाचा कप सरळ बाहेर येई. तो कप जयश्री देत असे. सुखदेव खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून घेत असे. त्या दोघांचं सगळं बोलणं त्या फटीतूनच व्हायचं. म्हणजे जितकी मावशींची भिंत खचत होती, तितकी त्याला जयश्री जास्त दिसत होती. आधी नुसते डोळे, मग नाक, आता हनुवटीवरचा तीळही. उपयंत्री म्हणून त्याचा जीव कासावीस होई आणि माणूस म्हणून वेगळ्याच कारणानं कासावीस होई.

“आज माती किती घसरली?” जयश्री विचारायची.

“बरीच.”

“तरीच म्हटलं, तुमी आज पुरे दिसून राहिले.”

“भिंत पडली त, जयश्री?”

“भिंत पडली त माय इकडं एकच वाक्य बोलल. थे ऐकाले तुमी थांबू नका म्हणजे झालं.” मग ती कप परत मागायची. “अन् पर्मनंटचं काय?”

पर्मनंटचं काय, हे त्या आठवड्यात आलेल्या पाकिटात होतं. पाकिटावर ‘गोपनीय’ असा लाल शिक्का होता आणि आत एकच ओळ: दोन्ही पक्षांनी ‘आपसी राजीनामा’ तत्काळ सादर करावा, अन्यथा कठोर कारवाई होईल.

सुखदेवनं ती ओळ वाचली आणि गोदामातल्या गवतावर बसून राहिला. शब्दकोश शेजारीच होता. पण ज्या शब्दाचा अर्थ माहीत असतो, तो शब्दकोशात कोण बघतं? ‘निवारण’ त्यानं बघितला होता, ‘प्रतिवेदन’ बघितला होता. राजीनामा हा मराठी माणसाला जन्मापासून कळतो. आणि गोपनीय पत्र कुणाला दाखवायचं कसं?

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं शालिकराम आले. बंडीच्या आतल्या खिशावर हात दाबून धरलेला. दोघंही टपरीवर बसले.

“तुमालेही आलं का?” शालिकरामांनी विचारलं.

“गोपनीय हाये, साहेब.”

“मलेही गोपनीयच आलं. मंग सांगू नका.”

“नाई सांगत.”

“पण मागतला त तोच असन नं?”

“तोच, साहेब.”

शालिकरामांनी तंबाखू मळायला घेतली आणि विसरून तशीच खाली टाकली. “निवृत्ती दारात येऊन उभी होती, गजभिये. एका पाईपानं. अन् तोही नसलेला.”

“मायं त लग्नच त्याच्यात हाये.”

“करा लागते. कठोर कारवाई म्हणजे पेन्शन बी गेली, अन् राजीनामा दिला त इज्जत तरी राहाते.” शालिकरामांनी पत्र चोरून पुन्हा एकदा वाचलं. “पण हे ‘आपसी’ काय भानगड हाये?”

“आपसी म्हणजे एकमेकांचा.”

“म्हणजे तुमचा म्या लिवाचा, अन् माया तुमी?”

शासकीय आदेश जसा आहे तसा पाळायचा, या बाबतीत दोघांचं एकमत होतं. सुखदेवनं शालिकरामांचा राजीनामा लिहिला. शालिकरामांनी सुखदेवचा लिहिला. आपसी असल्यामुळे दोघांनी दोन्हींवर सह्या केल्या. टपरीवाल्यानं विचारलं, “काय, झगडा मिटला का तुमचा?” तेव्हा शालिकराम म्हणाले, “सारंच मिटलं, बाबू.”

त्या संध्याकाळी तड्यातून कप बाहेर आला.

“पर्मनंट झाले का?” जयश्रीनं विचारलं.

“होऊन राहिलो.”

“खरंच?”

“कायमचाच होऊन राहिलो,” सुखदेव म्हणाला आणि त्यानं कप तसाच फटीतून परत दिला. आत मावशींनी भांडं आपटलं. “ओ गड्डेवाले! भांड्याच्या फळीखालची माती गेली. उद्या चूल बी येईल तुमच्याकडं. सोबत पोरगी धाडू का?” आता तो साहेबही राहिला नव्हता.

भोपाळचं उत्तर कधी नव्हे ते लगेच आलं. वर ‘आपसी राजीनामा’, खाली दोघांच्या सह्या; वरच्या ऑफिसला एवढा स्वच्छ कागद कित्येक वर्षांत मिळाला नसावा: ‘राजीनामा स्वीकृत. प्रकरण समाप्त.’ सुरेशबाबूंनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि मस्टरवरून सुखदेवचं नाव लाल शाईनं कापलं. या कार्यालयात आलेल्या पत्रावर त्याच दिवशी झालेली ही पहिलीच कारवाई. पांढुर्ण्यातही अशीच तत्परता दिसली.

दुपारी सुखदेव खड्ड्यावर गेला तेव्हा तिथं शालिकराम आधीच उभे होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात नकाशा नाही. दोघांनी खाली पाहिलं. कोंबड्यानंही वर पाहिलं. स्वयंपाकघराची भिंत खड्ड्याकडं अशी झुकली होती, जणू तिलाही जातायेता आत डोकवायची सवय लागली होती.

“गजभिये,” शालिकराम हळूच म्हणाले, “आता हा गड्डा तुमचा हाये का?”

“नाई, साहेब.”

“अन् पाईप माया?”

“तो त आधीपासूनच नव्हता.”

“मंग आपल्याले परवानगी कोणाची पाह्यजे?”

हा विचार इतका सोपा होता की नोकरीत असताना तो दोघांपैकी कुणालाही सुचणं शक्य नव्हतं. सुखदेवनं कवडूला हाक मारली. कवडूनं सवयीनं विचारलं, “साहेब, मंजुरी आली का जी?”

“मी साहेब नाई. हे बी नाई. आमी दोघं रस्त्यानं जाऊन राहिलो होतो.”

“मंग काई हरकत नाई,” कवडू म्हणाला आणि त्यानं साखळी काढली.

खड्ड्यावर आडवी तुळई पडली. पाईपखाली लाकडी गुटके देऊन त्याला साखळीनं टांगलं. शालिकरामांनी आयुष्यात पहिल्यांदा एका पाईपला दोन्ही हातांनी धरलं आणि “वरती घ्या, अजून वरती,” असं ओरडत राहिले. सुखदेव खिंडीत उतरून फळ्या बसवत गेला, एकीवर एक, आणि प्रत्येक फळीमागं माती ठासून पाचर ठोकत गेला. माती थांबली. चहाच्या वेळेपर्यंत सगळं उरकलं, आणि कोंबडा टांगत्या पाईपवर जरा डुलला, पण उठला नाही. पुढच्या काही दिवसांत सुखदेवनं मावशींची भिंतही ओळंब्यात आणली आणि तडा बुजवायला घेतला.

“पुरा बुजवू नका,” आतून जयश्री म्हणाली. “खिडकी ठेवा.”

खिडकीची चौकट बसवत असतानाच भोपाळहून दोन लिफाफे आले. पहिल्यात सौंसर आणि पांढुर्णा या दोन्ही कार्यालयांचं ‘आपसी राजीनामे की अनुकरणीय भावना’बद्दल अभिनंदन होतं. दुसऱ्यात, या कामगिरीबद्दल उपयंत्री सुखदेव गजभिये यांना कायम करण्यात येत असल्याचा आदेश. सुरेशबाबूंनी दोन्ही पत्रं आणून सुखदेवच्या हातात दिली, कारण ती कुणाला द्यायची ते त्यांना कळेना. शालिकरामही तिथंच होते. नोकरी गेल्यापासून ते रोज पाईप बघायला येत. दोघांनी पत्रं पुनःपुन्हा वाचली. राजीनामा दिल्याबद्दल अभिनंदन करणारं सरकार त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

जयश्रीनं नव्या खिडकीतून हात बाहेर काढला. तिनं छिंदवाड्याला हिंदीतून बीटीआय, म्हणजे शिक्षिकेचा कोर्स, केला होता. तिनं पत्र वाचलं आणि खिडकीची चौकट धरून हसत सुटली.

“काय झालं?”

“अहो, हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता! दोघांनी गोडीनं मिटवून घ्या, असं म्हणून राहिले होते थे. नोकरी सोडाले कोण सांगतलं तुमाले?”

मग शालिकराम क्षीण आवाजात म्हणाले, “पण पोरी, तुले माहीत होतं त सांगतलं काऊन नाई?”

“तुमी विचारलं कुठी?”

“गोपनीय होतं,” सुखदेव आणि शालिकराम एकदमच म्हणाले.

सुरेशबाबूंनी घसा साफ केला. प्रश्न बिकट झाला होता. आदेशाप्रमाणं उपयंत्रीचं पद सुखदेवच्या नावे कायम झालं होतं, म्हणून ते दुसऱ्या कुणाला देता येत नव्हतं. आणि सुखदेव मस्टरवर नव्हता, म्हणून ते त्यालाही देता येत नव्हतं. लाल शाईनं कापलेलं नाव परत लिहायचं तर भोपाळला विचारावं लागलं असतं, आणि भोपाळला आता काहीही विचारायची कुणाची छाती नव्हती.

“म्हणजे झाले का नाई पर्मनंट?” पंचफुलाबाईंनी दारात येऊन विचारलं.

“पद झालं, मावशी. मी नाई झालो.”

पंचफुलाबाईंनी भिंतीकडं पाहिलं. भिंतीला पाठ टेकवून, जोर लावून पाहिला. मग आत जाऊन नळ सोडला, पाणी आलं तसा बंद केला, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “पदाले पोरगी कोण देते? तारीख काढा.”

लग्न झालं. पंगतीला ते लिंबाचं लोणचं होतं. टाकी मात्र अजून अपुरी आहे, कारण तिचा उपयंत्री कायम असूनही हजर नाही. साखळीनं टांगलेला पाईप आपलं काम करतो आहे. सुखदेवचंही बरं चाललं आहे. कुणाच्या नळाला पाणी बारीक येतं, कुणाला नवा जोड हवा असतो. लोक तिन्हीसांजेला येतात, इकडंतिकडं बघतात आणि हळूच सांगतात. शालिकराम सोबत असतात. कुठल्या गल्लीत पाईप कुठून गेला हे त्यांना आता तोंडपाठ झालं आहे, आणि त्याची नोंद ते चुकूनही करत नाहीत. रोज सकाळी सासूबाईंची हाक येते, “जवाईबापू, आज धार बारीक येऊन राहिली बरं!”

इतक्या लोकांनी त्या पाईपवर जोड मागितले, पण हा पाईप आहे कुणाचा, असं पुन्हा एकानंही विचारलेलं नाही. तुम्हीही सकाळी नळ सोडता तेव्हा विचारत नाहीच. तेच बरं. उद्या उगाच विचारायला जाल, वरून उत्तर येईल, त्यातला एखादा शब्द अगदी ओळखीचा निघेल, आणि तो तुम्हाला नीट कळेल.